झोळीचं वजन

सेलूजवळच्या आमच्या गावात मी अंगणवाडी चालवते. दर महिन्याला टांगत्या काट्याच्या झोळीत एकेक पोर घालायचं, वजन घ्यायचं आणि तक्त्यावर टिंब मांडायचं. मागच्या वर्षी झोळी फाटली. नवी कधी येईल देव जाणे, म्हणून मी घरच्या जुन्या लुगड्याची चार पदरी झोळी शिवली. शिवणाचा मला भारी गर्व. त्या महिन्यात सगळ्याच पोरांची वजनं वाढली आणि मी गावभर मिरवलं.

एकच आई खूश नव्हती. तिची पोरगी आठ महिन्यांची. ती म्हणाली, "ताई, पोरगी माह्या हाताले हलकी लागून राह्यली."

मी तिला तक्ता दाखवला. काटा खोटं बोलत नाही, असं जरा तोऱ्यातच सुनावलं. ती पोरीला खांद्यावर टाकून घरी गेली.

आठ दिवसांनी लसीकरणाला नर्सबाई आपला काटा घेऊन आल्या. त्यावर तीच पोरगी पाव किलोनं कमी भरली. तुमच्या काट्याचे सेल उतरले असतील, असं मी त्यांनाच म्हटलं. चोराच्या उलट्या बोंबा! नर्सबाईंनी दुकानातून किलोचा मिठाचा पुडा मागवला. त्यांच्या काट्यावर तो एक किलो भरला, माझ्या काट्यावर सव्वा. मग नुसती झोळी टांगली, तर माझा काटा पाव किलोवर जाऊन थांबला. झोळी बदलली की काटा पुन्हा शून्यावर आणायचा असतो. शिवणाच्या कौतुकात मी तेच विसरले होते. पोरगी वाढली नव्हती, घटली होती.

त्याच दुपारी तिला वर्ध्याच्या दवाखान्यात भरती केलं. अजून आठवडा गेला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. ते ऐकून मला माझीच लाज वाटली. पोरगी घरी येईपर्यंत मला अन्न गोड लागलं नाही.

पुढच्या वजनाच्या दिवशी तिची आई रांगेत सगळ्यांच्या पुढे उभी होती. कडेवर पोरगी, हातात मिठाचा न फोडलेला पुडा.

"आधी हे ठेवा, ताई," ती म्हणाली.

मी ठेवला. बरोबर एक किलो. मग मी तिला विचारलं, पोरगी हाताला कशी लागते?

"तुमीच पाहा," म्हणून तिनं पोरगी माझ्या हातांवर ठेवली. इतक्या वर्षांत झोळीत घालण्याआधी एकही पोर मी असं तोलून पाहिलं नव्हतं.