वार बघणाऱ्या जगदाळे मॅडम

जगदाळे मॅडम प्राणीघराचं दार कधी एकदम उघडत नसत. आधी बोटाने हलकेच टकटक करायच्या आणि म्हणायच्या, "आले गं बायांनो." आत पिंजऱ्यांत पांढऱ्या उंदरांच्या गाभण माद्या असायच्या. "त्या दचकल्या की पोटातली दचकत्यात," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण.

विश्रामबागेतल्या आमच्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवत आणि मी त्यांच्या हाताखाली पीएचडी करत होते. त्या मूळच्या पाटणकडच्या. वर्गात प्रमाण मराठी, प्रयोगशाळेत गावाकडची. विषय एकच, वार. आईच्या रक्तातलं अन्न आणि प्राणवायू बाळाकडे पोचवणारी ती चकती. उंदराच्या गर्भाशयात पिल्लं ओळीने असतात आणि प्रत्येकाची वार वेगळी. विद्यार्थी सूक्ष्मदर्शकाखाली आधी पिल्लू शोधायचे. मॅडम स्लाइड सरकवायच्या. "पिल्लू मागनं बघ. आधी त्याचा सैपाक कोण करतंय ते बघ."

मला दिवस राहिले तेव्हा नवरा सीमेवर होता, सासर कोरेगावला. सातव्या महिन्यात सोनोग्राफीत निघालं, बाळाची वाढ मागे पडलीय. वारेतून रक्त कमी जातंय. दुसरी कुणी नुसती घाबरली असती. मला चित्रंच दिसायला लागली. खुरटलेली वार, शेजारी खुरटलेलं पिल्लू. तसल्या स्लाइड मी स्वतः रंगवल्या होत्या. पोटातली हालचाल जरा मंदावली की मी कुशीवर वळून लाथा मोजत बसायचे.

एकदा न राहवून विचारलं, "मॅडम, आपल्या उंदरांत असं झालं की किती पिल्लं जगतात?"

त्यांनी माझ्यासमोरची स्लाइडची पेटी उचलली आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. "तू उंदीर न्हाईस. उद्यापासनं इकडं यायचं न्हाई."

"पण सगळं नीट होईल ना?"

"ठाऊक न्हाई गं. खोटं कशाला सांगू?" मग म्हणाल्या, "कवा कवा आईकडनं कमी आलं की वार जास्त राबती. बारकी असली तरी ओढून आणती. ते मी बघितलंय. तुझी तशी हाय का, कोण सांगणार?"

त्यानंतर प्रत्येक तपासणीला त्या सोबत आल्या. सगळा जन्म स्लाइड वाचण्यात घालवलेल्या मॅडम सोनोग्राफीच्या पडद्याकडे मात्र बघत नसत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत फरशीकडे बघत राहायच्या. ते पाहून माझा धीर आणखी सुटायचा.

एका सकाळी डॉक्टर म्हणाले, आता थांबता येणार नाही. ऑपरेशन झालं. मुलगी. आज ती बालवाडीत जाते, भांडून परत येते; पण त्या दिवशी ती ओंजळीएवढी होती आणि मला धड न दाखवताच तिला काचेच्या पेटीत नेलं.

डॉक्टरांना विचारून मॅडमनी वार पाहिली. माझ्या खाटेशी आल्या तेव्हा डोळे लाल होते.

"कशी होती?" मी विचारलं.

"बारकी. एका कडंला पांढरी पडल्याली." "बाकीची लाल हाय. शेवटपतूर लय राबली बिचारी."

"आता पोरीचं कसं, मॅडम? आता तर वारही नाही."

त्यांनी माझा हात हातात घेतला.

"आता तू हायस की."