डॉक्टर, तुमचा हात कशात बसलाय?

ताईचा फोन आला तेव्हा मी कॉलेजला निघण्याच्या घाईत होतो. "तुझे दाजी गेले रे," एवढंच ती म्हणाली... आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "पोट दुखत होतं का?" रडणाऱ्या बहिणीला विचारायचा हा प्रश्न नव्हे. ती गोंधळलीच. म्हणाली, "पोट? नाय रे. चहा पिता पिता छातीत कळ आली न् बसल्या जागी मान टाकली." ते ऐकून मला क्षणभर हायसं वाटलं. बहिणीच्या दुःखाच्या त्या घडीला मला हायसं वाटलं, ही गोष्ट आज दीड महिन्यानंतरही टोचते आहे. ती टोचणी कुठून आली, हे सांगितल्याशिवाय मला दाजींविषयी काहीच लिहिता येणार नाही.

भानुदास दाजी मूळचे मेंढरांमागे वाढलेले. पुढं चिकलठाण्याच्या एका कारखान्यात आयुष्य काढलं, निवृत्त झाले आणि हर्सूलच्या पलीकडे घर बांधून पुन्हा आठ-दहा मेंढरं पाळली. "मशीनीचा आवाज गेला कानातून, आता थोडं ब्यां ब्यां ऐकू द्या," असं म्हणायचे. पण तोवर शहर तिथवर पोचलं होतं. चराईच्या माळावर प्लॉटिंगचे पांढरे दगड उभे राहिले होते. दाजी वॉचमनशी दोस्ती करून त्या दगडांमधून मेंढरं फिरवत. "पाव्हणं, हे माझं बंगल्याचं गवत," मला हात करून दाखवत. नंतर लागोपाठ दुष्काळ पडला आणि तेवढंही गवत राहिलं नाही. पाण्यासाठी टँकरची वाट बघावी लागे. त्या उन्हाळ्यात दाजी पांढरे पडत गेले, चार पावलं चालून बसू लागले. आम्ही सगळ्यांनी ते उन्हावर ढकललं. तपासणीत अंगातलं रक्त फारच कमी निघालं तेव्हा कुठं आतड्याची दुर्बिणीतून तपासणी झाली. मोठ्या आतड्यात, उजव्या बाजूला, कॅन्सरची गाठ होती.

घरात शिकलेला मी. पॉलिटेक्निकमध्ये यंत्रं शिकवणारा. तेव्हा पुढचं सगळं मी ताब्यात घेतलं. दाजींना सांगितलं, "साधी गाठ आहे, काढून टाकू." ताईलाही गप्प केलं. आमच्याकडे हे असंच चालतं, ज्याचा आजार त्यालाच शेवटी कळतं. शहरातले सर्जन लॅपरोस्कोपीनं, म्हणजे पोटाला लहान भोकं पाडून आत कॅमेरा घालून, लोक ज्याला दुर्बिणीचं म्हणतात तसं, ऑपरेशन करायला तयार होते. पण मी पुण्यातल्या एका इस्पितळात रोबोट आहे हे शोधून काढलं आणि दाजींना न विचारता तिथली तारीखही घेतली. खरं सांगायचं तर रोबोट नेमकं काय करतो, हे मला धड ठाऊक नव्हतं. पण त्या शब्दातच मला एक खात्री वाटत होती.

इथल्या सर्जनकडून कागद परत घ्यायला गेलो, तेव्हा दाजींना बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. मी आत बोलत असताना दार ढकलून ते सरळ आत आले आणि खुर्ची ओढून बसले.

"डॉक्टर, माझा क्यान्सर रोबोटनं काढायचा का दुर्बिणीनं, ह्याच्यावरून आमच्या घरात लई कुजबूज चाललीय. मला कुणी सांगंना. तुम्ही सांगा."

माझा चेहरा उतरला. "दाजी, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"दाराव पाटी हाय की, कर्करोग विभाग. चवथी पास हाय मी, पाव्हणं."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी कागदावर आतडं काढलं आणि दाजींकडे बघून, फक्त दाजींकडे बघून, समजावून सांगितलं. रोबोट स्वतःहून काही कापत नाही. सर्जन बाजूला बसून त्याचे हात चालवतो. दुर्बिणीत सर्जन उभा राहून स्वतःच्या हातानं लांब हत्यारं धरतो. भोकं दोन्हीकडे लहानच, आणि आतून काढायचं तेही तेच, गाठीचं आतडं आणि भोवतालच्या ग्रंथी. गाठ खाली, गुदद्वाराजवळच्या अरुंद जागेत असेल तर रोबोटचा उपयोग जास्त होऊ शकतो. "तुमची गाठ आहे तिथं, माझ्या मते, फार फरक पडणार नाही. जमलं नाही तर दोन्हीतही पोट उघडावं लागू शकतं. पुण्याला गेलात तरी ते चूक नाही."

दाजींनी कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. मग विचारलं, "डॉक्टर, तुमचा हात कशात बसलाय?"

"दुर्बिणीत. रोबोटवर मी थोडीच ऑपरेशनं केलीत. पुण्यातल्यांचा हात रोबोटवर बसलाय."

"मंग दुर्बीणच. पुण्यात मी खाटंवरचा पेशंट, इथं मी भानुदास. बायको दुपारी डबा घिऊन यील, मेंढरांचं काय झालं ते सांगंल. पुण्यात मला कोन सांगनार?"

बाहेर आल्यावर मी चिडलो. म्हणालो, "उद्या काही झालं तर मी ताईला काय तोंड दाखवू?" नेहमी अहो-जाहो करून मला चिडवणारे दाजी त्या दिवशी एकदम अरे-तुरेवर आले. "मंग रोबोट तुला पायजे का मला?" आजही त्या प्रश्नापाशी आलो की थांबायला होतं.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी दाजी सलाईनचा स्टँड धरून वॉर्डात चालत होते आणि नर्सला सांगत होते, "हे मेंढरू लई आडमुठं हाय, वडल्याशिवाय हालत नाय." पण तपासणीत एका ग्रंथीत रोग सापडला, म्हणून केमोथेरपी घ्यावी लागली. तो आधीच तिथवर गेला होता, कुठल्याही हत्यारानं ते बदललं नसतं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मी ऐकलं, पण मनाला पटवून घेतलं नाही. पुढं प्रत्येक तपासणीच्या वेळी वाटायचं, रोग पोटात परत आला तर दोष माझाच. आपण जोर लावून पुण्याला नेलं असतं तर? दाजी माझ्याकडं बघून हसायचे. "काय रोबोट, काय म्हनतो रिपोर्ट?" माझं नावच त्यांनी रोबोट ठेवलं होतं. रिपोर्ट चांगले येत गेले. पाऊस पडला, माळावर बंगले उभे राहिले, मेंढरं कमी झाली. दाजी मात्र वर्षामागून वर्षं तसेच होते.

त्यांच्या ओट्यावर लोक येऊ लागले ते याच काळात. कुणाच्या आईला, कुणाच्या चुलत्याला असलाच आजार निघायचा. दाजी सदरा वर करून दाखवायचे. "ही भोकं, आन् हा एवढा चिरा. एवढ्यातनं गेली बला." पण माझ्यासारखंच करा, असं ते कुणाला म्हणाले नाहीत. शहागंजातल्या एका कापडवाल्याची गाठ अगदी खाली होती. त्याला डॉक्टरांनी रोबोट सुचवला, तो घाबरला, तेव्हा दाजींनीच त्याला गाडीत बसवून पुण्याला पाठवलं. "अमजदभाई, ज्याचा हात ज्यात बसलाय त्याच्याकडं जायचं. घाबरायचं नाय." अमजदभाई दाजींच्या मातीला आले होते, धडधाकट.

गेल्या रविवारी ताईकडं गेलो होतो. ओट्यावर बसलो असताना एक तरुण फाईल घेऊन आला. "भानुदासमामा हायेत का?" ताईनं ते गेल्याचं सांगितलं. तो जायला वळला. ताई म्हणाली, "थांब बाबा. हा माझा भाऊ हाय, ह्याला विचार."

त्याच्या वडिलांच्या आतड्यात गाठ निघाली होती. कुणी रोबोट म्हणत होतं, कुणी दुर्बीण. मी फाईल उघडली. बोलायला माझ्याकडं आता पुष्कळ होतं. "वडील कुठं आहेत?" मी विचारलं.

"रिक्षात. त्यांना माहीत नाय, जरा हळू बोला साहेब."

मी फाईल मिटली आणि उठलो. तो हात जोडून आडवा आला, "नका ना, घाबरत्याल ते."

"घाबरू दे थोडं," दारातून ताई म्हणाली. "आमचे बी घाबरले व्हते. मला ठाव हाय."

रिक्षात एक म्हातारा मांडीवर पिशवी घेऊन बसला होता. मला पाहून त्यानं पिशवी खाली ठेवली, सरकून जागा केली. "काय म्हनतंय पोरगं?" त्यानं विचारलं. मी त्याच्या शेजारी बसलो आणि मुलाला हाक मारली, "इकडं ये. तूच सांग त्यांना. मी इथं बसलोय."