वऱ्हाडच्या सुनेची परळची दिवाळी

आमच्या घरात किस्से सांगायला कुणी मुद्दाम बसत नाही. दिवाळीला सगळे जमतात, कुणीतरी पोह्यांत मीठ कमी म्हणतं, कुणीतरी हसतं, की लागलीच एकामागून एक सुरू होतात! त्यातले निम्मे माझ्या फजितीचे. सांगणारे दर वर्षी पदरचं काहीतरी घालतात, तेव्हा म्हटलं, एकदा आपणच सांगून टाकावेत.

मी अमरावतीकडची. माझा मामा परळला पोस्टात होता, त्यानं माझं लग्न तिथल्या एका मालवणी घरात जमवलं. सासरे, म्हणजे आमचे मामंजी, गिरणीत साचावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर. हे गोदीत क्लार्क. सासूबाई आणि शाळेत जाणारी नणंद सुमन. चाळीतल्या दोन खोल्या. दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. मराठी बोलणाऱ्या सगळ्यांचं एक राज्य झालं पाहिजे म्हणून बाहेर सभा गाजत होत्या, आणि आत चुलीपाशी मला सासूबाईंचं मराठीच कळत नव्हतं!

*

पहिल्या दिवाळीला आठवडा होता. सासूबाई देवळात निघाल्या. दारातून म्हणाल्या, "वाटाणे भिजलेत. मी येयसर सांबारा करून ठेव."

आमच्याकडे सांभार म्हणजे कोथिंबीर! घरात चारच काड्या होत्या. मी बाजारात गेले, सहा जुड्या आणल्या, निवडल्या, धुतल्या, बारीक चिरल्या. परात भरली. एवढ्याशा वाटाण्यांना एवढी कोथिंबीर कशाला, ते काही कळेना. पण नव्या सुनेनं विचारायचं कसं?

सासूबाई आल्या. परातीकडे बघतच राहिल्या. "ह्यां काय गो?"

"सांभार!"

"आणि वाटाणे?"

"ते आहेत की तिथंच. भिजलेले."

सासूबाई खालीच बसल्या. काळ्या वाटाण्यांना खोबऱ्याचं वाटण लावून करतात ते सांबारा, हे मला त्या दिवशी कळलं. मग कोथिंबिरीच्या वड्या झाल्या, चटणी झाली, आमटीत गेली, भातात गेली. तिसऱ्या दिवशी मामंजींनी ताटाकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "आज पण चारोच?"

*

त्याच आठवड्यात सोमवार आला. सासूबाई पाण्याच्या लायनीत जाता जाता म्हणाल्या, "आज शिवराक हां, लक्षात ठेव."

मालवणीत 'रामाक' म्हणजे रामाला, एवढं मी तोपर्यंत शिकले होते. म्हणजे आज कुणा शिवराला जेवायला बोलावलंय! कोण हा शिवरा, काय खातो, काही पत्ता नाही. पण कोकणातलाच असणार, म्हणून मी दारावर आलेल्या कोळणीकडून ताजे बांगडे घेतले. जन्मात पहिल्यांदा मासे साफ केले. नाकाला पदर लावून तळले. पाट मांडला, भोवती रांगोळी काढली.

सासूबाई कळशी घेऊन आत आल्या आणि दारातच थबकल्या. "बांगडे? कोणासाठी?"

"शिवरासाठी."

"कोण शिवरा?"

"मला काय माहीत? तुम्हीच म्हणालात!"

शिवराक म्हणजे शाकाहारी. मासे वर्ज्य! मामंजींना इतकं हसू आलं की ते भिंतीला टेकले. बांगडे शेजारच्या घरी गेले. तिथून निरोप आला, "शिवराक म्हणावं, येत जा."

*

दिवाळीच्या पहिल्या दिवशीची गोष्ट तर सुमन अजून विसरलेली नाही.

आमच्याकडे दिवाळी म्हणजे लाडू, अनारसे, चिवडा. इथं सासूबाईंनी सकाळीच गुळाचे पोहे, दह्याचे पोहे, बटाट्याचे पोहे असे टोप भरून ठेवले. मला एकच ठाऊक होतं. सकाळी सकाळी एवढे पोहे करतात ते मुलगी बघायला येतात तेव्हा!

तेवढ्यात समोरच्या खोलीतलं कुटुंब आलं. सोबत इस्त्रीच्या कपड्यातला मुलगा. पोहे खाऊन गेले. मग दुसरं कुटुंब, त्यातही मुलगा, चांगला उंच. मग तिसरं! आणि आमची सुमन विस्कटलेल्या केसांनी गॅलरीत फिरतेय. मला वाटलं, आईला घाईत सुचलं नसेल. मी तिला आतल्या खोलीत ओढली. माझा लग्नातला शालू नेसवला, पावडर लावली, वेणी घातली. तिला वाटलं, ही वऱ्हाडातली दिवाळीची रीत असेल! बिचारी गप्प बसली. मग तिच्या हातात ट्रे दिला आणि म्हटलं, "मान खाली घालून जा."

बाहेर चौथं कुटुंब बसलं होतं. त्यांच्यापुढे सुमन, नववीतली, शालूत!  त्यातल्या काकू सासूबाईंना म्हणाल्या, "अगो, चेडवाचा लगीन ठरला आणि आमका सांगूक नाय?"

पोहे एकमेकांकडे जाऊन खायचे, हीच त्यांची दिवाळी, हे मला दुपारी यांनी समजावलं.

*

त्याच दिवशी आंघोळी झाल्यावर तुळशीपाशी कारीट फोडतात. कारीट म्हणजे एक कडू, एवढंसं फळ. ते पायाच्या अंगठ्यानं चिरडायचं आणि 'गोविंदा' म्हणायचं. पण मामंजींनी त्या वर्षी कारीट फोडलं आणि छातीतून आवाज काढला, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र!"

तिन्ही मजल्यांवरून, मोरीतून, गॅलरीतून आवाज आला, "झालाच पाहिजे!"

मी बाबांना पत्रात सगळं लिहिलं. इकडे कडू फळ पायाखाली फोडतात हे कळवलं आणि त्या वेळचा मंत्रही लिहून पाठवला. मला मेलीला राजकारणातलं काय कळत होतं? बाबा आमच्या गावात शाळामास्तर, आणि वेगळ्या विदर्भाचे कट्टर! आमच्या ओट्यावर त्याच्या बैठका व्हायच्या.

आठ दिवसांत कार्ड आलं. मजकूर एका ओळीचा. "चि. सौ. कुसुमला आशीर्वाद. तो मंत्र नव्हे."

*

पुढच्या वर्षभरात मामंजी सत्याग्रहात जाऊन पंधरा दिवस तुरुंगात बसून आले. सासूबाईंनी ओवाळलं, पाट मांडला, आवडीचं सगळं केलं. मामंजींनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "तुरुंगात मीठ बरोबर असायचां."

सासूबाई तीन दिवस बोलल्या नाहीत!

पण हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. गिरणीत जॉबरनं, म्हणजे मुकादमानं, मामंजींना बजावलं होतं, आता एक जरी खाडा पडला तर परत येऊ नका. सत्तावीस वर्षांची नोकरी. हे मी बाबांनाही पत्रात कळवलं होतं. त्यानंतर पोलिसाची टोपी दिसली की सासूबाईंच्या हातातलं काम थांबायचं.

*

दुसऱ्या दिवाळीला बाबा आले. मुलीचं घर बघायला, पहिल्यांदाच मुंबईत. सुमननं दारात रांगोळीचा नकाशा काढला होता, मुंबईपासून नागपूरपर्यंत अख्खा संयुक्त महाराष्ट्र. बाबा खांद्यावर तुरीच्या डाळीचं पोतं घेऊन आले, उंबरा चढले, आणि त्यांचा पाय नेमका वऱ्हाडावर! सगळा कोपरा पुसला गेला.

मुद्दाम की चुकून, काही कळेना. मामंजी म्हणाले, "व्याही, पाय बरोबर थंयच पडलो?"

बाबा म्हणाले, "माझ्या घरून निघालो नं! पाय तिथूनच पडणार."

*

पाडव्याला दुपारी पंगत बसली. मामंजी, बाबा आणि हे. वडे, भाजी, खीर वाढून झाली होती. आत मी भात उतरवत होते. बाहेर दोघांचं सकाळपासून चाललेलं आता चांगलंच पेटलं.

मामंजी म्हणाले, "तुम्ही वेगळे झालात तर महाराष्ट्राचो हात तुटतलो!"

"आमचा हात आमच्यापाशी राहू द्या नं! ओढता कायले?"

मामंजींनी पेला आपटला. बाबा म्हणाले, "कुसुम, मी संध्याकाळच्या गाडीनं जातो." माझ्या डोळ्यांना धार लागली. सणाच्या दिवशी बाप उपाशी उठणार, आणि तोही माझ्या सासरहून!

एवढ्यात दारात हवालदार. मागे दोन शिपाई. दोन दिवसांनी मोर्चा होता, म्हणून आधीच धरपकड चालली होती. हवालदार नवा होता, कुणाला ओळखत नव्हता. त्यानं कागद पाहिला आणि मामंजींचं नाव घेतलं. "धोंडू कोण?"

 मामंजींच्या तोंडात घास होता. सासूबाईंनी दाराची चौकट धरली. माझ्या डोक्यात एकच, खाडा!

मामंजींनी घास कसाबसा गिळला, उठायला हात टेकला, तोवर बाबा उभे राहिले होते.

"मीच."

हवालदारानं त्यांना खालून वर पाहिलं. "गिरणीत असता?"

"हो." बाबांनी गिरणी बाहेरून तरी पाहिली होती की नाही, देव जाणे! त्यांनी हात धुतले, टोपी घातली, चपला शोधल्या आणि जिना उतरून गेले. मामंजी मागे धावणार, तोच सासूबाईंनी त्यांचा हात धरून ठेवला.

मोर्चा झाल्यावर सगळ्यांना सोडलं. हे बाबांना घेऊन आले. चाळीनं झेंडूचा हार घातला, बाबांनी तो मुकाट्यानं घालून घेतला. मामंजी पाळी संपवून तसेच धावत आले, अंगावर कापसाची पूड. बाबा खाली बसून वळकटी बांधत होते. मामंजी त्यांच्यासमोर उभे राहिले. 

म्हणाले, "व्याही, असां कित्याक केलात?"

बाबांनी गाठ घट्ट मारली. मान वर केली.

"अहो, तुमचा भात यायचा होता नं अजून."