गिअरची मूठ

काष्टी गावातल्या त्या मिस्त्रीचं नाव मी विचारलंच नाही. वडिलांच्या जुन्या पिकअपला नवं इंजिन, नवा गिअरबॉक्स बसवायचं मी ठरवलं आणि वडील रुसले. "मंग ती माझी गाडी कसली?"

मिस्त्रीनं जुना गिअरबॉक्स दांड्यासकट उतरवला आणि वडिलांना सीटवर बसवलं. "बाबा, डोळं मिटा आन् गिअर टाका." रिकाम्या हवेत त्यांचा हात थांबला, तिथवर त्यानं सुतळीनं माप घेतलं.

आम्ही दोघं गाडी न्यायला गेलो, तर जुनाच दांडा वाकवून नव्या गिअरबॉक्सला जोडलेला. वडिलांनी न बघता हात टाकला. मूठ बरोबर सापडली. माझा जीव भांड्यात पडला.

मिस्त्री चिंधीनं बोटं पुसत म्हणाला, "इंजिन काय, कुनीबी बशिवतं. मानसाचा हात चुकाया नगं."

घरापर्यंत वडिलांनी मला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही.