बंदरातली एकटी गुन्हेगार

आमची वहिनी कस्टम्स एजंट होती. बंदरात आलेला माल लोकांना सोडवून द्यायचा, हा तिचा धंदा. मी तिचा दीर आणि तिच्याच ऑफिसातला कारकून, म्हणजे घरीदारी तिचीच बोलणी खाणारा. तिचं काम फार चोख, आणि गंमत बघा, त्याचाच तिला जाच. मालाच्या तपशिलाचं घोषणापत्र बिनचूक असलं की तपासणीचे साहेब बेचैन व्हायचे, कारण दंड लावला नाही तर वरून त्यांची खरडपट्टी निघायची. मग ते खोकी फोडायला लावत, माल उन्हात पडून राही आणि गिऱ्हाईक आमच्या नावानं शंख करी.

त्यावर सगळ्या एजंटांनी तोड काढली होती. प्रत्येक घोषणापत्रात एक निरुपद्रवी चूक ठेवायची, पत्त्यातला एखादा आकडा बदलायचा. साहेबांना ती सापडायची, त्यांची कळी खुलायची, किरकोळ दंड व्हायचा आणि माल सुटायचा.

मग सरकारला अक्कल सुचली. दंडाबरोबर लाल शेरा सुरू झाला. शेरे फार झाले की परवाना रद्द. वहिनीचा परवाना काठावर आला. दादा अंथरुणाला खिळलेला, घर त्या परवान्यावर चालायचं. पण बोंब एकट्या आमची नव्हती, म्हणून दंडाच्या पद्धतीचा आढावा घ्यायला समिती आली.

समितीपुढं जायच्या आदल्या संध्याकाळी सगळे एजंट आमच्या ऑफिसात छातीवर हात ठेवून सांगून गेले, "ताई, उद्या खरं तेच बोलायचं." दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी विचारलं, "एवढ्या चुका होतातच कशा?" तेव्हा हेच वीर बुटांची टोकं बघत बसले. शेवटी लोणी उठला. तोंडावर फार गोड बोलतो, म्हणून आम्ही त्याला मागून लोणी म्हणतो.

"साहेब, नजरचूक होते. आम्ही जरा वेंधळेच आहोत."

त्याच्या कानाखाली वाजवावी असं मला वाटलं. वहिनी उभी राहिली.

"वेंधळं इथं कुणी नाही. चुका आम्ही मुद्दाम करतो. बिनचूक कागद दिला की तुमची माणसं माल अडवतात. दंड लावणाऱ्याची पाठ थोपटणं बंद करा, मग बघा."

"हे लिहून द्याल?"

"देते की."

अहवाल आला. नजरचुकीचे सगळे शेरे माफ. पत्त्यातल्या चुकीला यापुढे दंड नाही. मुद्दाम केलेली चूक मात्र गंभीर अपराध, परवाना ताबडतोब रद्द. सबंध बंदरात तसला अपराध करणारी एकटी वहिनी निघाली! साहेबांनी दंड लावलाच पाहिजे, या वरच्या सक्तीबद्दल अवाक्षर नाही. शेवटी आभार मानलेत, त्यात मात्र वहिनीचं नाव आहे. वा रे आढावा!

आठवडा गेला नाही तोच लोणी घरी हजर. लाज कोळून प्यालेला माणूस.

"ताई, आता चूक ठेवू तरी कुठं? पत्ता तर गेला."

मी त्याला हाकलणार होतो. वहिनीनं त्याच्या हातातला घोषणापत्राचा कागद घेतला, ओळ न ओळ तपासली आणि परत दिला.

"बिनचूक आहे. असाच द्या. सगळ्यांनी मिळून असेच दिलेत, तर साहेब किती खोकी फोडतील?"

"देतो की! तुमच्यासाठी एवढं नाही करणार?"

तो जिना उतरला. आम्ही दोघं खिडकीशी गेलो. खाली त्यानं भिंतीला कागद टेकवला, पेन काढलं आणि वजनातला एक आकडा बदलला.

आतून दादानं हाक मारली, "काय गं, देणार ना तसाच?"

"देणार म्हणाला," वहिनी म्हणाली आणि तिनं खिडकी लावून घेतली.