घोंगडी मी लोकरीत धरली नाही

माझी शाळा चौथीपर्यंत. लिहिलेलं वाचता येतं आणि सांगितलेलं लक्षात राहतं. म्हणून नातीला नगरच्या दवाखान्यात मीच नेत होते. तिचे आईबाप चाकणला कंपनीत कामाला, पोर मिरजगावात माझ्याजवळ.

दोन वर्षांची असल्यापासून तिच्या कोपरांच्या घडीत आणि गुडघ्यांच्या मागे खाजरे चट्टे उठतात. रक्त निघेपर्यंत खाजवते. कडुनिंबाच्या पाल्याने आंघोळ घातली, मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब लावली. ट्यूब लावली की आठ दिवस कातडी साफ, सोडली की दुप्पट. मला एकच पाहिजे होतं, हे दुखणं कायमचं जावं.

डॉक्टरांनी बघून चिठ्ठी लिहिली आणि बाजूच्या खोलीत सिस्टरकडे पाठवलं. सिस्टर तरुण होती, पण शिकवायची पद्धत चांगली. कोमट पाण्याने झटपट आंघोळ, घासायचं नाही. अंग टिपायचं आणि ओलसर असतानाच साधं मलम सगळीकडे चोपडायचं. औषधाचं मलम फक्त चट्ट्यांवर. ते मोजायला तिने माझंच बोट धरलं. टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ ओढली आणि म्हणाली, "एवढं दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं." मग विचारलं, "लोकरीचे कपडे घालता का हिला? लोकर टोचते, खाज वाढते."

"न्हाई," मी म्हणाले. आमच्या घरात स्वेटरसुद्धा नाही.

चार महिने मी सांगितलेलं सगळं केलं. नखं कापली, साबण बदलला, मेडिकलवाल्याची ट्यूब उकिरड्यावर फेकली. तरी पोर खाजवतच होती. आमच्याकडे आजारी माणसाला घोंगडीवर झोपवतात. उबेने दुखणं ओसरतं, असं सासूने मला सांगितलेलं आणि मी ते कधी तपासलं नाही. त्यामुळे चट्टे जास्त लाल झाले की मी पोरीला घोंगडीत जास्त घट्ट गुंडाळायची.

तिसऱ्या खेपेला सिस्टरने पोरीच्या फ्रॉकवरून एक काळा केस उचलला.

"आजी, हे काय?"

"घोंगडीचं आसंल."

"घोंगडीवर झोपते ही? मग लोकर नाही असं का म्हणालात?"

"तुमी कपड्याचं इचारलं. घोंगडी काय कुनी अंगात घालतं व्हय?"

दारात नंबर लावून बसलेल्या बाया हसल्या. एक म्हणाली, "म्हातारीचं बरोबर हाय, सिस्टर." सिस्टरही हसली. मला हसू आलं नाही. लोकर टोचते आणि खाज वाढवते, हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ऐकलं, मान डोलावली आणि घरी येऊन पोरीला लोकरीवर टाकलं. चार महिने.

त्याच दिवशी घोंगडी माळ्यावर टाकली. सुती चादरीवर पोरीला झोप येईना. "घोंगडी दे," म्हणून रडायची. मी दिली नाही. पंधरा दिवसांत चट्टे फिके पडले. मी शेजारणीला सांगून मोकळी झाले, "गेलं बघ. घोंगडीनंच समदं केलं हुतं."

मग थंडी पडली आणि सगळं परत आलं. कोपरात, गुडघ्यात आणि या वेळी मनगटांवरही.

पुढच्या खेपेला मी सिस्टरवर ओरडले. "तुमी सांगितलं ते समदं केलं. आता काय ऱ्हायलंय?"

ती शांत होती. "आजी, तुमचं काही चुकलं नाही. हा आजार जातो, येतो. वाढवणाऱ्या गोष्टी टाळायच्या आणि रोजचं मलम सोडायचं नाही."

"जाईल कवा?"

"काही मुलांचा वयाबरोबर कमी होतो. काहींचा राहतो."

"हिचा?"

"ते सांगता येत नाही."

माझं चुकलं असतं तर बरं झालं असतं. चूक सुधारता येते. घोंगडी काढली की पोर बरी होणार, या एका गोष्टीवर मी थंडी पडेपर्यंतचे दिवस काढले होते.

एसटीत नातीने विचारलं, "आजी, काय म्हनली सिस्टर?"

"रोज मलम लावायचं म्हनली."

"किती दिवस?"

"म्हाईत न्हाई."

ती खिडकीबाहेर बघत मनगट खाजवत बसली. मी हात धरला, तर दुसऱ्या हाताने खाजवलं.

आता ती पहिलीत आहे. आंघोळ झाली की स्वतः दोन्ही मलमं घेऊन येते आणि औषधाचं मोजायला माझं बोट पुढे ओढते, कारण माप मोठ्या माणसाच्या पेराचं आहे. एकदा तिने आपल्या बोटावर रेघ ओढून पाहिली. रेघ फारच लहान झाली.

"माझं बोट पुरत न्हाई," म्हणाली.

तिचं बोट पुरेल तेव्हा मी नसेन. दुखणं बहुतेक असेल. म्हणून कुठे किती लावायचं ते तिच्याकडून रोज वदवून घेते. चुकली की ओरडते.