रिकाम्या गच्चीची राखण

बोलता बोलता, मागे न पाहता काठी आपटायची, "हाड!" म्हणायचं आणि तुटलेलं वाक्य तिथूनच पुढे न्यायचं, हे आमच्या शेजारच्या काकूंनाच जमायचं. तुमच्याही गल्लीत अशी एक बाई असेल.

अमरावतीच्या आमच्या गल्लीत त्यांची गच्ची सगळ्यात उंच. उन्हाळ्यात सगळ्या घरांच्या कुरडया तिथेच वाळत. राखणीला काकू, आणि सुट्टी असली की सोबतीला मी. मी कुणाशी फारशी बोलत नसे. काकूंना ते मंजूर नव्हतं.

"काहून वं, तुमच्या इंग्लिश शाळेत तोंड उघडाले फी लागते काय?"

मग प्रश्न. काय खाल्लं, शाळेत आणि पुढे ऑफिसात कोण त्रास देतं, डोळे काहून सुजले. घरी कधी न सांगितलेलं मी त्या गच्चीवर सांगितलं आहे. माझं बोलणं संपेपर्यंत त्यांची नजर माझ्यावरून हलायची नाही. पाखरांसाठी काठी होतीच.

काकूंची लेक नोकरीला पुण्याला गेली. जाताना तिने आईला चांगला फोन घेऊन दिला. "मीटिंग संपली की करते," म्हणायची. मीटिंग कधी संपेल ते काकूंना कळेना, म्हणून फोन सतत हातात. आणि हातातल्या मुक्या फोनकडे माणूस किती वेळ पाहणार? म्हणून रील. भाजी परतताना, नळाखाली बादली लावून. बादली भरून वाहत राहायची.

"बोल ना, मी आयकून राहिली," त्या मला म्हणायच्या आणि अंगठा सरकत राहायचा. एकदा मी वाक्य अर्ध्यातच सोडलं. त्यांना कळलं नाही.

त्याच उन्हाळ्यात गच्चीवर वानरं उतरली. मी वर गेले तेव्हा गल्लीभराच्या कुरडयांचा चुरा झाला होता, एक वानर कठड्यावर बसून सावकाश चावत होतं, आणि चार हातांवर काकू फोनमध्ये मान घालून बसलेल्या.

"रीलमधी वानर आलं असतं तं दिसलं असतं यायले!" गल्लीतल्या बायका हसल्या. काकूही हसल्या. पुढच्या वर्षी मात्र प्रत्येकीने आपापल्या गच्चीवर कुरडया घातल्या. काकूंना कुणी सांगितलं नाही. त्यांनी गच्ची झाडून, काठी बाहेर काढून ठेवली होती.

नंतर लेक त्यांना पुण्याला घेऊन गेली. किल्ली आमच्याकडे आहे.

मागच्या रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. मागे सोफ्यावर लेक बसली होती. तिची मान खाली, अंगठा सरकत होता. काकू हळूच म्हणाल्या, "गच्ची दाखव ना वं."

मी वर जाऊन फोन सगळीकडे फिरवला. ऊन, पाण्याची टाकी, टाकीला टेकवलेली काठी.

"आपट ना एकदा."

मी आपटली. "हाड!" माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाच माहीत नव्हतं. सोफ्यावरची मान वर झाली नाही.

"हां. आता सांग," काकू म्हणाल्या, "काय खाल्लं?"

मी सांगत राहिले. फोन मात्र त्यांच्यासाठी गच्चीकडेच धरून ठेवला.